आत्याचा दर्या

परभणी आणि अकोला या दोन मोठ्या शहरांच्या मध्ये आमचा एक दर्या आहे. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग हळूच विषय बदलतो. हिंगोली जिल्ह्यात कुठला आलाय दर्या! पण येलदरीचं धरण झालं, पूर्णेचं पाणी मागे मागे फुगत सेनगावच्या अंगाला आमच्या वाडीच्या पायथ्याशी येऊन थांबलं, आणि ज्यांनी विहिरीपलीकडे पाणी पाहिलं नव्हतं त्या लोकांनी त्याला दर्या म्हणायला सुरुवात केली. वाडीतली बाई धुण्याचं बोचकं घेऊन निघाली की आजही ‘दर्यावर चालले’ म्हणते, आणि त्यात तिला काही विशेष वाटत नाही.

खराखुरा समुद्र मी लग्नानंतर कोकणात पाहिला. नवऱ्याने मोठ्या हौसेने नेलं होतं. “कसा वाटला?” त्याने विचारलं. “फार बोलतो,” मी म्हटलं. माझं हे उत्तर तो अजून चारचौघांत सांगून हसतो. पण खरंच, तो समुद्र एक क्षण गप्प बसत नव्हता. आमचा दर्या अबोल. वारा पडला की पाण्यावर सुरकुतीसुद्धा राहत नाही. टिटवी ओरडली तर पलीकडच्या काठाला ऐकू जाते. काठाला मिठाचा वास नाही; गाळाचा आहे, सुकत घातलेल्या मासळीचा आहे, आणि वाऱ्याची दिशा बदलली तर बाभळीच्या पिवळ्या फुलांचा. तो वास नाकात गेला की मी एकदम परकर-पोलक्यातली होते. यंदा संक्रांतीनंतर गेले तेव्हाही झाले. पण या खेपेला मी वास घ्यायला गेले नव्हते, मला कामाला लावायला बोलावलं होतं.

बोलावलं होतं सुमनने. सुमन ही माझी आतेबहीण, माझ्याहून बरीच धाकटी. मधली काही वर्षं ती बाहेर होती, गेल्या दिवाळीच्या आधी कायमची आईकडे राहायला आली. का आली ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. आल्या आल्या तिने मेंढरं घेतली. आणि आता तीच फोनवर सांगत होती, “ताई, तू ये नं. आईला समजव. बाजाराच्या दिवशी येपारी टेम्पो पाठवनार हाये, मेंढरं भरून देऊ म्हनते मी. तर म्हनते, आधी मला त्या टेम्पोत टाक.”

“पण तूच घेतलीस ना मेंढरं?”

“व्हय, मीच घेतली. आता मीच हात टेकले. चारा कुठून आनू? तुहं ऐकंल ती.”

आत्या माझं ऐकेल ही सुमनची कल्पना. माझ्या माहितीत आत्याने आजवर फक्त दोघांचं ऐकलं आहे, तिच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या मामांचं, आणि मेंढरांचं. तरीही मी पिशवी भरली. परभणीहून बसने सेनगाव, तिथून जीप, आणि जीपने सोडल्यावर पुढे सोयाबीनच्या कुटाराच्या ढिगांमधून पायवाट. ढीग संपले आणि समोर एकदम पाणी आलं. त्यापलीकडे टेकडी दिसली, गवताने पिवळीधमक. मी पिशवी खाली ठेवली आणि जरा वेळ उभीच राहिले.

ती टेकडी म्हणजे पूर्वीचं गायरान. धरणाच्या पाण्याने तिच्याभोवती वेढा घातला आणि ती बेट होऊन बसली. पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिच्यात आणि वाडीत पाण्याचा एक पट्टा असतो, अलीकडून हाक मारली तर पलीकडच्याने ओ द्यावी एवढा रुंद. उन्हाळ्यात पाणी आटत गेलं की पट्टा उघडा पडतो. पण तोवर टेकडीवर कुणाची बैलगाडी जात नाही, कुणाची गाय जात नाही, कुणाचा विळा लागत नाही. पवन्या, मारवेल, कुंदा, सगळं गवत कमरेएवढं वाढून जागेवर वाळतं. बोरींना बोरं लागतात आणि तिथेच गळतात.

मी आत्याकडे का राहिले, किती वर्षं राहिले, याची कारणं मोठ्या माणसांपाशी होती, आणि ती माणसं आता नाहीत. मला कारणं आठवतही नाहीत. मला आठवतं ते हे, की पौष सरला, रानातली तूर निघाली, चराई संपत आली की मामांच्या अंगात काहीतरी येत असे. ते दिवसातून चार वेळा काठावर जाऊन पाण्यात हात बुडवत. ऊन चढलेलं हवं, पाणी निवलेलं नको. मग एक दिवस सांगत, “पाहुण्याला सांगावा धाडा.” पाहुणे म्हणजे आजूबाजूच्या वाड्यांतले भाऊबंद. ते आपापली कातर कमरेला खोचून येत, आणि अंगणात मेंढरांची कातरणी सुरू होई.

त्या कातरणीचा आवाज मला अजून ऐकू येतो, कचकच कचकच, मध्येच एखाद्या मेंढीचं कुरकुरणं, मध्येच पाहुण्यांचं हसणं. काळ्या लोकरीचे ढीग पडत. आम्ही पोरं त्यात लोळायचो आणि मग अंगाला जो वास लागायचा तो शाळेत बाईंना नको व्हायचा. कातरून झालेली मेंढरं इतकी हडकुळी दिसत की त्यांची त्यांना ओळख पटत नसे, एकमेकांना हुंगत फिरत. आत्या प्रत्येकीच्या पाठीवर भंडारा टाकायची आणि तोंडाने काहीतरी पुटपुटायची. काय ते तिने कधी सांगितलं नाही. “मेंढराला सांगते, तुला नव्हं,” म्हणायची.

कातरल्याशिवाय पाण्यात घालायचं नाही हा नियम होता. एका वर्षी पाहुणे लग्नात अडकले आणि मामांनी घाई केली. लोकर पाणी प्यायली आणि जड झाली. त्या दिवशी किती गेली ते आम्हा पोरांना कुणी सांगितलं नाही. आत्याने चूल पेटवली नाही आणि मामा काठावर बसून राहिले, तेवढं मी पाहिलं. पुढे कुणी कितीही घाई केली तरी मामा कातर हातात घेऊन दाखवायचे.

मग तो दिवस. मामा धोतराचा काचा मारून पाण्यात उतरत. त्यांच्यामागे चंद्री, कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हातारी मेंढी. चंद्रीमागे तिच्या दोन बहिणी, आणि त्यांच्यामागे सगळा कळप. पाण्यावर नुसती डोकी दिसत, कान आडवे पडलेले, नाकं वर. मामा पोहता पोहता तोंडाने ‘हुर्र... हाऽऽ’ करत राहत, आणि मागून आत्या गुडघाभर पाण्यात उभी राहून टाळ्या वाजवत असे. पलीकडे एक सपाट दगड होता, त्यावर मामांनी आदल्या दिवशी खडेमीठ पसरून ठेवलेलं असे. मेंढरं बाहेर पडत, अंग झाडत, आणि थेट त्या दगडाला जिभा लावत. माझ्या मते दर्याला मीठ असतं ते असं.

पुढचे दोन-अडीच महिने आमचा मुक्काम टेकडीवर. भोयाच्या तराफ्यावरून आम्ही पोरं, भांडी, ज्वारीचं पीठ आणि घोंगड्या अशी सगळी मालवाहतूक व्हायची. तिथे कुत्रं नाही, लांडगा नाही, वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची दोरीची जाळीसुद्धा लावावी लागत नसे. मेंढरं कुठेही बसत. सकाळी पाण्यावरून धूर उठे आणि त्यात बदकं बोलत, दिसत नसत. आत्या तीन दगडांवर भाकरी करायची, मेंढीच्या दाट दुधात कुस्करून द्यायची. मिशा यायच्या दुधाच्या, आम्हा पोरींनासुद्धा. संध्याकाळी पलीकडे वाडीत दिवे लागले की ती आपलीच वाडी आहे हे मला खरं वाटायचं नाही. मी तिथे सुखी होते. हे त्या वयात कळत नाही असं म्हणतात, पण मला कळत होतं.

मामा गेले. मग मेंढरंही गेली, दोन टेम्पोंत भरून. त्या दिवशी मी नव्हते आणि नव्हते तेच बरं. चंद्रीच्या लेकी, त्यांच्या लेकी, सगळ्या गेल्या. कळपाला वाट ठाऊक असते असं आपण म्हणतो, पण सगळ्यांना नसते. दोन-तीन म्हाताऱ्यांना असते आणि बाकीच्या त्यांच्या शेपटीमागे जातात. त्या दोन-तीन गेल्या की वाट गेली.

सुमनने आणलेली मेंढरं कोरड्या मुलखातली होती. त्यांनी पाणी पाहिलं होतं ते हाळातलं, म्हणजे विहिरीजवळच्या दगडी कुंडातलं. आणि वाडीभोवती आता पडीक रान राहिलेलं नाही. पाण्याच्या मोटारी आल्या, काठाकाठाने हळद आली, ऊस आला, हरभरा संपला की भुईमूग. मेंढरू रस्त्यावरून चाललं तरी दोन्ही बाजूंनी माणसं काठ्या घेऊन उभी. दूरच्या मुलखात भटकत न्यावं तर आत्याचे गुडघे गेलेले आणि सुमनला एकटीला ते जमणार नाही. म्हणजे चारा उरला तो एकाच ठिकाणी, टेकडीवर, डोळ्यांसमोर. गेलं तर कळप राहतो, नाही गेलं तर टेम्पो.

“आलीस माय?” आत्या ओट्यावरून म्हणाली. “सुमननं बोलावलं असंल.”

“मी आपली सहज आले.”

“व्हय. परभनीची मानसं सहज येतेत. बस. चहा घे, मंग समजव.”

पुढे काय समजावणार? चहा मात्र घेतला.

दुपारी दोघी मायलेकींनी मला काठावर नेलं. कळप कातरून तयार होता. सुमनने साडीचा काचा मारला, मेंढ्याच्या गळ्यात दोर बांधला आणि पाण्यात शिरली. मेंढा पोटापर्यंत आला, थांबला, आणि चक्क बसला. पाण्यात बसलेला मेंढा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. आत्या मागून टाळ्या वाजवत होती, ‘हुर्र हाऽऽ’ करत होती, पण तिच्या हाकेने कळप उलटा तिच्याकडेच वळे आणि तिच्या पदराला तोंडं लावे. शेवटी उत्तमला हाक गेली. उत्तम हा भोई, त्याच काठाला मासे धरतो. थर्माकोलच्या ठोकळ्यांना जाळी गुंडाळून केलेला त्याचा तराफा. त्याने एक मेंढी उचलून तराफ्यावर ठेवली. मध्यावर गेल्यावर तिने खाली उडी मारली आणि ऐटीत पोहत पुन्हा आमच्याकडे आली.

“हिला तं येतंय की पोहायला!” मी म्हटलं.

“येतंय ताई, बराबर येतंय,” उत्तम तिकडून ओरडला, “पर जायचंच न्हाई तिला. काय करता!”

सुमन पाण्यातून बाहेर आली ती थरथरत. दोर तिने जमिनीवर टाकला. “झालं,” ती म्हणाली, “बघितलं ना ताई तू? आता सांग तिला.”

आता टाळता येईना. ओट्यावर बसून मी माझं भाषण सुरू केलं. आत्या, तुझं वय, तुझे गुडघे, सुमनची दगदग, विकत घेतलेला चारा किती दिवस पुरणार, आणि मेंढरं म्हणजे काही माणसं नाहीत. आत्या तांदूळ निवडत होती. माझं सगळं संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

“झालं तुहं?”

“झालं.”

“मामा गेले तव्हा समदे म्हनले, आता बस आरामात. बसले. चांगली बसले माय, भितीला टेकून. सकाळी डोळे उघडले की इचार यायचा, उठायचं काहून? कुनासाठी? मंग पडूनच ऱ्हायचे. सुमनला इचार, ती आली तव्हा कशी होते मी.” तिने सूप खाली ठेवलं. “आता कोंबड्याच्या आधी उठून ऱ्हायले. कोनती लंगडून ऱ्हायली, कोनती गाभन हाये, कोनाचं पोट फुगलं. मला गुडघे हायेत हेच मी इसरते. आन तुमी म्हनता इका.”

सुमनने तोंड फिरवलं. तिला हे माहीत होतं, पण ऐकलं बहुधा पहिल्यांदाच असावं. मला माझ्या भाषणाची लाज वाटली. मी सूप ओढून घेतलं आणि तांदूळ निवडायला लागले, दुसरं काय करणार!

दिवस कलायला लागला. कळप काठावरच्या बाभळींखाली शेंगा वेचत होता, सुमन त्याला आणायला गेली. इकडे अंगणात विणलेल्या मोठ्या डाल्याखाली कोकरं होती, थंडीत जन्मलेली. त्यांना आयांबरोबर रानात नेत नाहीत, ती घरीच राहतात. लांबून मेंढरांची धूळ दिसली मात्र, डाल्याखाली एकच आकांत सुरू झाला. तिकडून आयांनी ओ दिली. आणि मग जे झालं ते मी लहानपणी रोज पाहिलं होतं, तरी मी ओट्यावरून उठून उभी राहिले. दिवसभर पाण्याला घाबरून मागे सरकणाऱ्या त्या मेंढ्या सुटल्या त्या अशा सुटल्या की त्यांनी सुमनला बाजूला ढकललं, पाण्याची कळशी आडवी केली, चुलीजवळचं सरपण तुडवलं. आत्याने डालं उचललं. क्षणभर नुसता गलका, कोण कुणाचं काही कळेना. मग एकेक आई आपापलं कोकरू हुंगून ओळखायची आणि ते खाली वाकून ढुशा द्यायला लागायचं. हळूहळू अंगणभर फक्त दूध पिण्याचा आवाज राहिला.

आत्या डालं हातात धरून तशीच उभी होती.

“सुमन,” ती म्हणाली, “उत्तमला सांग, उद्या दुपारी ये. कोकरं आधी न्यायची.”

सुमनने आडवी झालेली कळशी उभी केली. मग तिने माझ्याकडे बघितलं. “आन आया न्हाई गेल्या तं?”

“तं कोकरं वापस आनू. तराफा काय मोडून ऱ्हायला का?”

उत्तम दुसऱ्या दिवशी आला तेव्हा कुरकुरतच आला. मासळीच्या तराफ्यावर शेळी-मेंढीची पोरं म्हणजे गिऱ्हाईक काय म्हणेल, वास कसा जाईल वगैरे. आत्याने त्याला भाकरी आणि ठेचा दिला, तेव्हा वासाचा प्रश्न मिटला. मासळीच्या प्लास्टिकच्या क्रेटांमध्ये कोकरं बसवली. त्यांना धरून ठेवायला कुणीतरी हवं होतं आणि मी रिकामीच होते. मी वाटाघाटीला आलेली बाई, ती अशी मांडीवर दोन कोकरं घेऊन तराफ्यावर बसले. कोकरं बोंबलत होती, काठावर त्यांच्या आया बोंबलत होत्या, थर्माकोल पायाखाली चर्रचर्र करत होतं. सुमनने आपला मोबाइल भिजू नये म्हणून माझ्या पिशवीत टाकला.

टेकडीवर पाय ठेवला आणि गवत माझ्या कमरेला लागलं. मी तिथे कितीतरी वर्षांनी आले होते. चुलीचे तीन दगड कुठे होते ते शोधायला मला वेळ नव्हता, आणि शोधावंसंही वाटलं नाही; आता सगळं कोकरांवर होतं. आम्ही क्रेट आडवे केले. कोकरं बाहेर पडली, उभी राहिली, हिरवट-पिवळ्या गवताला नाक लावलं.

आणि गप्प झाली.

इतका वेळ कान किटवणारी ती कोकरं आता शेपट्या उडवत गवताचे शेंडे कुरतडत होती. एक तर उंच उडी मारून दुसऱ्याच्या पाठीवर पडलं. पलीकडे मेंढ्या पाण्याच्या कडेला पोहोचल्या होत्या. पहिल्या दोघी-तिघींचे पाय पाण्यात होते. त्यांना आवाज येईना तशी त्या थांबल्या, कान इकडे तिकडे फिरवायला लागल्या. सुमन छातीएवढ्या पाण्यात उभी होती. तिच्या मागे, काठावर, आत्या. तिचा चेहरा मला एवढ्या लांबून दिसत नव्हता, पण तिच्या टाळ्या थांबल्या ते दिसलं.

“ओरड की गं,” मी एका कोकराला म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चघळत राहिलं.

“ताई, एकाला उचला!” उत्तम म्हणाला. “बाकीच्यापासून दूर न्या!”

मी सगळ्यांत लहान होतं ते उचललं आणि गवत तुडवत पळत सुटले. पन्नाशी उलटलेल्या बाईने पळावं तशी पळाले, म्हणजे चप्पल एकीकडे, पदर एकीकडे. पाण्याच्या अगदी टोकाला, जिथे दगड आहेत तिथे जाऊन उभी राहिले. मागे भावंडं नाहीत हे कोकराला कळलं आणि त्याने असा टाहो फोडला की माझ्याच छातीत कळ आली. मी त्याला दोन्ही हातांनी वर धरलं. “ओरड,” मी म्हणत होते, “ओरड माय, ओरड!” बहुधा मीही ओरडत होते.

पलीकडून एक आवाज आला, जाड, घाबरलेला. एक मेंढी कळपातून पुढे घुसली. ती कडेला थांबली नाही. पाणी पोटाला लागलं, मानेला लागलं, आणि मग नुसतं डोकं राहिलं, कान आडवे पडलेले, नाक वर. सुमन तिच्या बाजूने पोहायला लागली. मध्यावर ती मेंढी एकदा वळली. कोकरू पुन्हा किंचाळलं, आणि तिने तोंड इकडे केलं. मग तिच्यामागे दुसरी, मग तो पाण्यात बसणारा मेंढा, मग दोन एकदम, मग मोजायला डोळे पुरेनात. पाण्यावर डोक्यांची रांग झाली. काठावर आत्या पुन्हा टाळ्या वाजवत होती, आणि ‘हुर्र हाऽऽ’ पाण्यावरून सरळ माझ्यापर्यंत येत होतं.

ती पहिली मेंढी दगडांवर धडपडत चढली. मी कोकरू खाली ठेवलं. तिने त्याला हुंगलं, त्याने तिच्या पोटाखाली मुसंडी मारली, आणि ती ओल्या अंगाने, धापा टाकत, उभ्या उभ्या गवत खायला लागली. मी खाली बसले आणि रडले. आनंदानेच रडले, पण रडले खरं. सुमन पाण्यातून बाहेर आली आणि माझ्याशेजारी आडवीच झाली. तिचे दात वाजत होते. “ताई,” ती म्हणाली, “पुढच्या साली ह्या आपल्या आपनच येतील, न्हाई?”

“येतील,” मी म्हटलं. “आता यांना माहीत झालं.”

हे बघायला मामा हवे होते, असं मनात आलं. पण मग वाटलं, त्यांनी नसतं केलं हे असं. ते पुढे पोहले असते आणि मेंढरं मागे राहिली असती. ही वाट आत्याची.

उत्तम आत्याला आणायला गेला होता. ती तराफ्यावर मध्यभागी ताठ बसून आली, हातात भंडाऱ्याची पुडी, नजर कळपावर. उतरताना मी हात पुढे केला तर तो तिने झिडकारला. गुडघे धरत दगडावरून चढली आणि कळपात शिरली. कुणाची पाठ चोळ, कुणाचा कान पिळ, कुणाला शिव्या दे, असं चाललं होतं. मेंढरं तिच्याकडे बघत नव्हती, त्यांना खायचं होतं.

तेवढ्यात माझ्या पिशवीत सुमनचा मोबाइल वाजला. व्यापारी होता. टेम्पो किती वाजता पाठवू, हे विचारायला. सुमनने मोबाइल कानाला लावला, हॅलो म्हणाली, आणि आईकडे बघून थांबली. मग उठून, स्पीकर लावून तो आत्याच्या हातात दिला.

आत्याने मोबाइल तोंडासमोर धरला, कानाला न लावता, आणि पाण्यापलीकडच्या माणसाशी बोलावं एवढ्या मोठ्याने बोलली. चरणाऱ्या मेंढ्यांनी माना वर केल्या.

“टेम्पो नको रे बाबा! मेंढरं घरी न्हाईत. चरायला गेलीत... काय? कव्हा?” तिने टेकडीवरच्या गवताकडे बघितलं, मग पाण्याकडे. “चैतात पानी उतरलं की पायी येतील. आन तव्हा बी इकायची न्हाईत.”